वर्ष फिरवायचे राहिले

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी जन्मापासून सुरू करतात हे मला ठाऊक आहे. मी मात्र आधी एक गोष्ट सांगून टाकणार आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती चूक माझी नव्हती. मोठ्या साहेबांनी ती माझ्या माथी मारायचा प्रयत्न केला. मी लोखंडाचा आणि रबराचा असलो तरी मलाही अब्रू आहे.

आता जन्माकडे वळतो. एका लहानशा कारखान्यात मला जोडले गेले. लोखंडी चौकट, वर लाकडी मूठ आणि पोटात तीन रबरी पट्टे. एक दिवसाचा, एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. प्रत्येक पट्ट्याशेजारी एक दातेरी चाक. बोटाने चाक ढकलले की पट्टा एक घर पुढे सरकतो आणि टक् असा आवाज येतो. दिवसाच्या पट्ट्यावर एकतीस आकडे आहेत, महिन्याच्या पट्ट्यावर बारा महिने. वर्षाच्या पट्ट्यावर मात्र बाराच वर्षे मावतात. मला तपासणाऱ्या बाईने कोऱ्या कागदावर तीन ठसे मारून पाहिले आणि म्हणाली, "बारा वर्षं आहेत तुझ्याकडे. नीट वापर." जणू चाक फिरवणे माझ्याच हातात होते. मला कागदावर दाबता येते, बाकी सगळे ज्याच्या हातात मी असेन त्याच्यावर आहे. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिथून मी कर कार्यालयाच्या आवक खिडकीवर आलो. लांबट खोली, फरशीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, दाराशी नंबराची चिठ्ठी देणारे यंत्र. लोक वर्षभराच्या कमाईचे विवरणपत्र घेऊन यायचे. खिडकीवरचा माणूस मला शाईच्या गादीवर टेकवून त्यांच्या कागदावर आणि त्यांच्या जवळच्या प्रतीवर मारायचा. मग कागद वरच्या मजल्यावर जायचा. वरच्या मजल्यावरची मंडळी फक्त ठसा बघायची. कागद देणारा माणूस उंच होता की ठेंगणा, हसरा होता की रडवेला, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. मी जे म्हणेन ते खरे. एवढा मान फार कमी वस्तूंना मिळतो. मी थोडा शेफारलो होतो, हे कबूल करतो.

माझी सगळी काळजी थोरले कारकून घ्यायचे. रोज सकाळी ते दाताच्या जुन्या ब्रशने माझे रबर साफ करत, दिवस पुढे सरकवत आणि पहिला ठसा एका जाड वहीत मारत. त्या वहीला नमुना वही म्हणत. ठशाशेजारी ते सही करत आणि मगच खिडकी उघडत. नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी तर सोहळाच असायचा. सगळे कर्मचारी खिडकीभोवती जमायचे. थोरले कारकून नखाने वर्षाचे चाक ढकलायचे, टक् आवाज यायचा आणि मग सगळ्यांना चहा. वर्षातून एकदाच ते चाक हलायचे, आणि ते हलवायचा मान त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

माझ्या आठव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. जाताना त्यांनी नव्या बाईंना कामांची यादी लिहून दिली. शाई कधी भरायची, किल्ली कुठे ठेवायची, खिडकीतल्या कुंडीला पाणी किती घालायचे, अशी सात कामे. वर्ष फिरवणे त्या यादीत नव्हते. ते विसरले असे मला वाटत नाही. ते त्यांचे कामच नव्हते, ती त्यांची हौस होती, आणि हौस कुणी यादीत लिहीत नाही.

बाकीच्यांना वाटले, एवढा हौशी माणूस, जाता जाता वर्ष फिरवूनच गेला असणार. त्यामुळे नव्या वर्षात कुणी जमले नाही. नव्या बाईंनी, मी त्यांना खिडकीवाली म्हणतो, दिवस आणि महिना बदलला, वहीत पहिला ठसा मारला आणि शेजारी सही केली. ठशात वर्ष जुनेच होते. त्यांनी पाहिले नाही. मी दिवसभर कागदांवर आपटत राहिलो आणि प्रत्येक आपटण्याबरोबर मनात ओरडत राहिलो. शिक्क्याचे ओरडणे कोण ऐकणार?

असे सहा दिवस चालले. सातव्या दिवशी खिडकीवालीच्या ते ध्यानात आले. तिने इकडेतिकडे पाहिले, नखाने वर्षाचे चाक पुढे ढकलले आणि ती गप्प बसली. नोकरीला अजून दहा दिवसही झाले नव्हते. तिची भीती मला कळत होती, पण राग यायचा राहिला नाही.

त्या सहा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी एक बाई आली होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची. तिच्या नखांत गुलाबी मेणाचे कण असायचे, म्हणून कार्यालयात तिला कवळीवाली म्हणत. ती परदेशातून, म्हणजे तुमच्याच मुलखातून, इथे येऊन नऊ वर्षे झाली होती. लोक विवरणपत्र भरायला शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. ही मात्र दरवर्षी पहिल्याच आठवड्यात हजर. मी तिच्या कागदावर आणि तिच्या प्रतीवर जुन्या वर्षाचा ठसा मारला. तिने प्रत घडी करून पिशवीत ठेवली, मान हलवून आभार मानले आणि ती निघून गेली.

पुढे काय झाले ते सोपे आहे. वरच्या मजल्यावर माझा ठसा वाचून तिचा कागद एक वर्ष मागच्या खात्यात घातला गेला. संपलेल्या वर्षाचे खाते रिकामे राहिले. परदेशी माणसाचे खाते मुदतीनंतरही रिकामे दिसले, की तिथे एक नोंद व्हायची, 'देश सोडला'. आठ महिन्यांनी तिला तसे पत्र गेले. आपण हा देश सोडून गेल्याची नोंद झाली आहे, असे सांगणारे पत्र तिच्या इथल्याच घराच्या पेटीत पडले. पोस्टमनने तिच्या हातात दिले असते तरी कुणाला त्यात वावगे वाटले नसते.

ती पत्र घेऊन आली, त्या दिवशी तिच्याबरोबर एक वृद्ध गृहस्थ होते. तिचे वडील, अण्णा. ते तीन महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आले होते. इथली भाषा त्यांना येत नव्हती. ते पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, गुडघ्यांवर टोपी ठेवून ताठ बसले. खिडकीत काय बोलणे झाले ते मी तुमच्या भाषेत सांगतो.

"मी इथेच आहे," कवळीवाली म्हणाली. "रोज कामाला जाते. आत्ता तुमच्यासमोर उभी आहे."

"उभ्या आहात ते दिसतंय," मोठे साहेब म्हणाले. पत्राचे प्रकरण होते म्हणून ते खाली आले होते. "पण नोंदीत तुम्ही गेला आहात. काळजी करू नका, सोपं आहे. हा अर्ज भरा. आजच्या तारखेला परत आलात, असं लिहा. पाच मिनिटांत सगळं सुरळीत."

तिने अर्ज वाचला आणि सरकवून परत दिला.

"मी गेलेच नव्हते, तर परत कशी येऊ?"

साहेबांना वाटले, बाई हट्टी आहे. ती हट्टी होतीच, पण नुसती हट्टी नव्हती. या देशात कायमचे राहण्याचा हक्क हवा असेल, तर दहा वर्षे सलग राहावे लागे. मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा एकपासून. तिची नऊ वर्षे आणि नऊ महिने झाले होते. तो हक्क मिळाला, तरच तिला अण्णांना कायमचे आपल्याकडे आणता येणार होते. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. अण्णा तिकडे एकटेच कुकर लावून एकटेच जेवत होते. त्या अर्जावर तिने सही केली असती, तर कार्यालयाची चूक पाच मिनिटांत मिटली असती आणि तिची नऊ वर्षे पुसली गेली असती.

ती खुर्चीवर येऊन बसली आणि अण्णांना सगळे सांगितले. मग हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, परत दहा वर्षं मोजायची म्हणजे..."

"मी चौऱ्याऐंशीचा होईन," अण्णा म्हणाले. "मोजता येतं मला. सही केली नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. चल, भूक लागली."

पुढच्या गुरुवारी ती पुन्हा आली, कारण गुरुवारी तिला अर्धा दिवस सुटी असे. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आली. प्रत्येक वेळी नंबराची चिठ्ठी, प्रत्येक वेळी तोच अर्ज, प्रत्येक वेळी तिचे तेच उत्तर. कार्यालयातले लोक तिला पाहून कंटाळल्यासारखे करू लागले. मला मात्र गुरुवारची ओढ लागली. ती खिडकीशी आली की खिडकीवाली माझ्याकडे बघायची नाही. मला गादीवर टेकवतानाही तिची नजर दुसरीकडेच असायची.

चौथ्या गुरुवारी अण्णांनी पिशवीतून चष्मा काढला. ते छत्तीस वर्षे पोस्टात होते. पत्रांवर तारखेचे शिक्के मारता मारता त्यांच्या उजव्या तळहाताला कायमचा घट्टा पडला होता. बाकीचे लोक वाट बघताना भिंतीकडे बघतात, अण्णा चार आठवडे माझ्याकडे बघत होते. कामाची वस्तू कामाच्या माणसाला लगेच ओळखू येते. त्यांनी मुलीच्या हातातली प्रत मागून घेतली आणि उजेडात धरली.

"हे कुठल्या वर्षाचं विवरण?"

"मागच्या. जानेवारी ते डिसेंबर."

"आणि ठसा त्याच वर्षाच्या जानेवारीचा. म्हणजे वर्ष संपायच्या अकरा महिने आधी तू त्या वर्षाचा हिशोब देऊन मोकळी?" त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "एवढी हुशार तू शाळेत असताना नव्हतीस."

तिने प्रत हिसकावून घेतली. नऊ महिने ती कपाटात होती आणि तिने ठशातले वर्ष एकदाही वाचले नव्हते. त्यात तिचा दोष नाही. दिवस आणि महिना सगळे वाचतात, वर्ष आपण गृहीत धरतो.

ती तशीच खिडकीशी गेली. मोठे साहेब खाली आले, प्रत पाहिली आणि म्हणाले, "शिक्का चुकत नाही. फॉर्मवर तुम्हीच वर्ष चुकीचं लिहिलं असणार. आधीच्या वर्षाचं विवरण तुम्ही दुसऱ्यांदा दिलंत, एवढंच यातून दिसतं."

मित्रांनो, माझ्यावर टाकलेला विश्वास मला नकोसा वाटला, तो त्या दिवशी पहिल्यांदाच. खोटे ठरायची मला इतकी घाई झाली होती की मी शाईच्या गादीवर तडफडत होतो.

तेवढ्यात अण्णा तिच्या मागे येऊन उभे राहिले. "यांची नमुना वही कुठे आहे ते विचार," ते म्हणाले. "रोज पहिला ठसा वहीत. आमच्याकडे त्याशिवाय टपालाला हात लावायचा नाही. जगातलं कुठलंही कार्यालय असू दे, शिक्का आहे म्हणजे वही आहे."

तिने विचारले. साहेबांनी मान हलवली. "अशी वही नाही. आणि असली तरी बाहेरच्यांना दाखवत नाहीत."

"नाही की दाखवत नाही?" तिने शांतपणे विचारले. "दोन्हीपैकी एकच काहीतरी सांगा. मी थांबते."

आणि ती खरोखर थांबली. खिडकीच्या बाजूला सरकून उभी राहिली. मागचे लोक पुढे आले, त्यांचे कागद झाले, ते गेले. अण्णांना बसायला सांगितले तरी ते बसले नाहीत. बाप आणि लेक तिथे शेजारी शेजारी उभी होती. खिडकीवाली मला उचलायची, मारायची, ठेवायची. ठसे तिरके पडत होते. दहाबारा कागद झाल्यावर तिने मला खाली ठेवले, खालचा खण ओढला आणि ती जाड वही काढून खिडकीच्या फळीवर उघडी ठेवली.

"ही घ्या," ती म्हणाली. "सह्या माझ्याच आहेत."

वहीत सगळे होते. जुन्या वर्षाच्या डिसेंबरचा शेवटचा ठसा, शेजारी थोरल्या कारकुनांची वळणदार सही. त्याच्या लगेच खाली जानेवारीचे सहा ठसे, वर्ष तेच. सातव्या ठशापासून वर्ष नवे. डिसेंबरनंतर त्याच वर्षाचा जानेवारी कुठल्याच देशात येत नाही. साहेबांनी पान उलटले, मागे घेतले, पुन्हा उलटले. मग त्यांनी घसा साफ केला.

"शिक्का बिघडलेला असणार," ते म्हणाले. "चाक अडकलं असेल. नोंदीत तसं लिहू. शिक्का सदोष."

आठ वर्षे मी इमाने इतबारे आपटलो होतो. घासून माझ्या मुठीचा रंग गेला होता, आणि आता मी सदोष. मला तोंड असते तर मी काय बोललो असतो ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

कवळीवालीने ते वाक्य अण्णांना सांगितले. अण्णांनी फळीवरून हात आत घातला, तळहात वर करून. "द्या इकडे," ते म्हणाले. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला. खिडकीवालीने मला त्या तळहातावर ठेवले. तो घट्टा माझ्या मुठीला असा बसला, की थोरल्या कारकुनांनंतर पहिल्यांदा मला कुणी नीट धरले असे वाटले. अण्णांनी अंगठ्याच्या नखाने वर्षाचे चाक ढकलले. टक्. मागे घेतले. टक्. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. खोलीतले सगळे ऐकत होते. माझे चाक लोण्यासारखे फिरत होते.

"याला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. "माणसानं फिरवायला हवं, एवढंच."

त्यांनी वर्ष होते तिथे आणून ठेवले, मला पुसले आणि परत दिले.

"वर्ष फिरवायचं राहिलं, असं लिहा," कवळीवाली साहेबांना म्हणाली. "शिक्का सदोष नाही, मी फॉर्म चुकवला नाही, मी देश सोडला नाही. फक्त तुमचं वर्ष फिरवायचं राहिलं. आणि त्या सहा दिवसांत असे किती कागद आले?"

खिडकीवालीने आवक नोंदी पाहिल्या. "तेवीस," ती म्हणाली.

"मग तेवीसच्या तेवीस काढा. काहींना ही पत्रं आलेली असतील आणि त्यांनी घाबरून तुमच्या अर्जावर सहीसुद्धा केली असेल."

"तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "तुमचं काम आम्ही करून देतो. बाकीच्यांशी तुमचा काय संबंध?"

"मी गुरुवारी मोकळी असते," ती म्हणाली.

ती पुढच्या गुरुवारी आली आणि त्याच्या पुढच्याही. तेवीस कागद निघाले. त्यातल्या चौघांनी परत आल्याचे अर्ज भरून दिले होते, ते रद्द झाले. तिच्या नोंदीवर आडवी रेघ पडली. रेघेशेजारी लिहिले गेले, वर्ष फिरवायचे राहिले, आणि त्या ओळीखाली तारखेचा ठसा माझाच मारला. मी इतक्या जोरात कधी उमटलो नव्हतो. खिडकीवालीला ठपका मिळाला, नोकरी मात्र राहिली. थोरल्या कारकुनांची यादी भिंतीवर लागलेलीच होती. तिने खाली आठवे काम स्वतःच्या अक्षरात लिहिले, आणि पुढच्या जानेवारीत सगळ्यांना बोलावून सगळ्यांसमोर माझे चाक फिरवले.

अण्णांचे तीन महिने संपले, ते परत गेले. त्या हिवाळ्यात कवळीवालीची दहा वर्षे पूर्ण झाली. तिचा हक्काचा कागद आला. अण्णांच्या कागदपत्रांना आणखी वर्ष लागले. मग ते दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन आले. इथे कुकर मिळतो, असे मुलीने फोनवर सांगितले होते, पण त्यांनी ऐकले नाही.

माझीही बारा वर्षे भरली. पट्ट्यावर पुढचे वर्ष नव्हते आणि खिडकीवर विजेचे यंत्र आले. मला मोडीच्या खोक्यात टाकायला निघाले, तेव्हा खिडकीवालीने मला मागून घेतले. गुरुवारी कवळीवाली स्वतःचे विवरणपत्र घेऊन आली होती, नेहमीसारखी पहिल्या आठवड्यात. खिडकीवालीने मला कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुमच्या अण्णांना द्या. त्यांना धरता येतो."

तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, चहाच्या डब्याशेजारी. मला तुमची भाषा इथेच आली, आणि खिडकीशी बापलेक आपसात काय बोलले तेही इथेच कळले. अण्णा रोज सकाळी दाताच्या जुन्या ब्रशने माझे रबर साफ करतात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. रोज बदलणाऱ्या गोष्टींकडे सगळ्यांचे लक्ष असते. वर्षातून एकदाच हलणारे एखादे चाक तुमच्याही घरात, तुमच्याही कामात असेल, त्याच्याकडे बघा. ते फिरवणारा माणूस एक दिवस निवृत्त होतो. आणि चूक झालीच, तर ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. कुणी तुमच्यापुढे खोट्या गोष्टीवर सहीसाठी कागद सरकवला, तर तो सरकवून परत द्या. पाच मिनिटांचे काम आहे असे सांगणाऱ्याला सांगा, की आपण थांबतो.

अण्णांनीही आता एक वही केली आहे. रोज पहिला ठसा त्यात. माझ्याकडचे शेवटचे वर्ष मागे पडले आहे, म्हणून ते ठशातल्या वर्षावर रेघ मारतात आणि खरे वर्ष पेनाने लिहितात. एकही दिवस चुकत नाही. मुलगी एकदा हसून म्हणाली, "अण्णा, आता कोण विचारणार आहे?"

"विचारलं तर?" अण्णा म्हणाले.

आणि रोजच्यासारखे त्यांनी ठशाशेजारी दोनच शब्द लिहिले, 'मुलगी इथेच', आणि खाली सही केली.